पिकअप विकताना काजळीच्या दिव्याविषयीही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-६ (धुराच्या प्रदूषणावरील कडक सरकारी निकष) वाहनांची विक्री सुरू झाली आणि आमच्या जुन्नर तालुक्यातला टोमॅटो, कांदा बाजारात नेणाऱ्या डिझेल पिकअपही त्याप्रमाणे बदलल्या. चालवायला ही नवी गाडी खरोखर चांगली आहे. पॉवर स्टेअरिंगमुळे हात भरून येत नाहीत, कमी वेगातही इंजिन जोर देते आणि भरल्या हौद्यानिशी माळशेज उतरताना खालचा गिअर टाकला की गाडी इंजिनवरच धरून राहते. मागचे पाटे कडक असल्याने रिकामी गाडी खड्ड्यांत उडते खरी, पण माल वाहणाऱ्या गाडीला तेवढे चालायचेच.

अडचण आहे ती सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या काजळीच्या फिल्टरची, म्हणजे डीपीएफची. धुरातली काजळी तो अडवतो आणि साठलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकतो. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर साधारण १५-२० मिनिटे सलग धावावी लागते. आमच्याकडे मात्र गाडी मळ्यातून गावात आणि गावातून मळ्यात एवढीच फिरते, क्रेट भरून होईपर्यंत इंजिन नुसते सुरू ठेवण्याची सवयही सर्रास आहे. त्यामुळे फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि तरीही गाडी तशीच दामटली तर ती ओढ घेईनाशी होते. दिवा लागल्याबरोबर गाडी हमरस्त्यावर काढून एका लयीत चालवली असती तर बहुतेक वेळा काम भागले असते, हे मालकाला कळते ते वर्कशॉपचे मोठे बिल हाती पडल्यावर. माझ्या गाडीचा ताबा देताना विक्रेत्याने हार घातला, फोटो काढला, पण या दिव्याविषयी अवाक्षर काढले नाही.

ज्या गाड्यांना डीईएफ, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे द्रावण, लागते तिथे अज्ञान अधिकच महागात पडते. हे द्रावण म्हणजे शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के शुद्ध युरिया. शेतात टाकायचा युरिया विहिरीच्या पाण्यात विरघळवून ते घरी बनत नाही, कारण त्यातील अशुद्ध घटक आणि क्षार हे द्रावण फवारणारे नोझल व धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी करतात.

खर्चाला कंटाळून काही जण फिल्टरच काढून टाकतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा परस्पर फेरफार करता येत नाही, शिवाय तो काळा धूर बाजारात दिवसभर राबणाऱ्या हमालांच्याच छातीत जातो. मालकांच्या या चुकीचे समर्थन मी करणार नाही, पण तिचे मूळ माहिती न देण्यात आहे.

म्हणून उत्पादक कंपन्यांना विनंती आहे की, प्रत्येक पिकअपसोबत या यंत्रणेची मराठी पुस्तिका द्यावी आणि ताबा देतानाच चालकाला शेजारी बसवून दिव्यांचा अर्थ समजावून सांगावा. परिवहन विभागानेही व्यावसायिक वाहनांच्या योग्यता तपासणीसाठी येणाऱ्या चालकांना ही माहिती द्यावी.

आपला,
एक शेतकरी वाहनमालक,
ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे)