रतनवाडीला ये, पण यादी घरी ठेव

रतनवाडी, ता. अकोले
सप्टेंबर अखेर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत काकूंना आणि मुलांना घेऊन इकडे येताय हे वाचून फार बरं वाटलं. किती वर्षं म्हणतोयस! पण पत्राच्या शेवटी जी यादी दिली आहेस ती वाचून लगेच लिहायला बसलो. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, हरिश्चंद्रगड, रंधा धबधबा, अंब्रेला फॉल, घाटघरचा कोकणकडा, अमृतेश्वर, आणि हे सगळं दोन दिवसांत "बसवायचं". बसतं रे. दर शनिवार-रविवारी लोक बसवतातच. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा भंडारदऱ्याच्या जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. गाडी थांबवायची, फोटो काढायचा, पुढे निघायचं. संध्याकाळी परतताना सगळं बघून झालेलं असतं. पण त्यातलं नेमकं काय पाहिलं, हे आठवड्याने विचारलं तर सांगता येत नाही.

म्हणून माझं ऐक. यादी घरी ठेव आणि सरळ रतनवाडीला ये. इथे दोन रात्री राहा, जे बघायचं ते पायी बघ. एवढंच माझं म्हणणं आहे, पण त्यामागची कारणं सविस्तर लिहितो, म्हणजे वहिनींनाही वाचून दाखवता येतील.

आधी येण्याबद्दल. पुण्याहून नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला या. राजूरला थांबून पेढे घे, तिथले पेढे नावाजलेले आहेत. शेंडीहून रतनवाडीला गाडीरस्ता आहेच, पण काकूंना बोटीने आण. पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं आणि बोटी थेट रतनवाडीकडे येतात. पाण्यातून येताना समोर रतनगड हळूहळू मोठा होत जातो, माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, आधी ठिपक्याएवढं दिसतं आणि मग आरपार आकाश दिसायला लागतं. या गावात शिरण्याची याहून चांगली वाट नाही.

भंडारदऱ्याचं हे धरण म्हणजे विल्सन डॅम. 1910 साली काम सुरू झालं आणि 1926 साली पुरं झालं. साठा अकरा टीएमसीचा, म्हणजे अकरा अब्ज घनफुटांचा. प्रवरा उगम पावते ती या रतनगडावर आणि जेमतेम काही किलोमीटर वाहिली की तिला अडवलंय. पाणी खाली संगमनेर, श्रीरामपूरकडच्या उसाला जातं. आणि इथे, जिथे पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथल्या वरच्या वाड्यांतल्या बाया एप्रिल-मे महिन्यात हंडे घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. धरणाच्या भिंतीवर उभं राहून फोटो काढशील तेव्हा मुलांना हेही सांग. मला ते फार लागतं.

रंधा आणि अंब्रेला फॉलबद्दल आत्ताच सांगतो. अंब्रेला फॉल हा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. रंध्याला प्रवरा सुमारे 170 फूट खाली कोसळते खरी, पण तिथेही पाणी किती असेल हे वरून किती सोडलंय त्यावर ठरतं. दिवाळीत दोन्हीकडे पाणी असेलच असा भरवसा नाही. येता-जाता वाटेवर दिसलं तर बघा, त्यासाठी वेगळा अर्धा दिवस घालवू नका.

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचलात की कुठेही जाऊ नका. जेवा, थोडं पडा, आणि ऊन उतरलं की अमृतेश्वराला चला. शिलाहारांच्या काळातलं देऊळ आहे, झंझ राजाने बांधलं असं सांगतात. लोक समोरून हात जोडून निघतात. तू मात्र बाहेरून सावकाश एक फेरी मार. शिखरावर खालपासून वरपर्यंत चिमुकल्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या आहेत. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा जराशी लहान. भिंतींवर दगडात कोरलेली नक्षी इतकी बारीक आहे की बोट फिरवल्याशिवाय खोली कळत नाही. या देवळाच्या गाभाऱ्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून वाट आहे, असं आपल्याकडे फारसं बघायला मिळत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्यात असते. दिवाळीत बहुधा ओसरलेलं असेल.

जवळच पुष्करणी आहे. चौकोनी, पायऱ्यांची, आणि आतल्या भिंतींत कोनाडे. कोनाड्यांत मूर्ती आहेत, बऱ्याचशा विष्णूच्या. शाळेतली चौथी-पाचवीची माझी पोरं तिथे नेली की मी त्यांना एकेका कोनाड्यापुढे उभं करतो आणि हातात काय काय आहे ते ओळखायला लावतो. शंख, चक्र, गदा. तुझ्या मुलांनाही तसंच कर, बघ कशी रमतात ती. काकूंना इथे बसायला फार आवडेल. गुडघ्यांचा त्रास असला तरी देवळापर्यंत काहीच चढ नाही.

दुसऱ्या दिवशी रतनगड. पहाटे सहाला निघायचं, उशीर नको. काकू गावात राहतील, त्यांच्या सोबतीला माणसं आहेत. वाट देवळामागून सुरू होते, सुरुवातीला प्रवरेचं पात्र पुन्हा पुन्हा ओलांडावं लागतं. नदी म्हणजे इथे घोट्याएवढं पाणी आणि गुळगुळीत गोटे. मग दाट जंगल. हिरडे, जांभळी, करवंदाच्या जाळ्या, मधूनमधून कारवीचं रान. वाटेत एका ठिकाणी कात्राबाईच्या खिंडीकडे आणि पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाणारी वाट फुटते. तिकडे वळायचं नाही, म्हणून गावातला वाटाड्या सोबत घ्यायचाच. त्याच्या घरात चार पैसे जातात, आणि कुठल्या झाडाला काय म्हणतात हे तो सांगतो ते वेगळंच.

शेवटी लोखंडी शिड्या लागतात. मुलांना पुढे आणि मागे मोठं माणूस हवं, बाकी घाबरायचं कारण नाही. गणेश दरवाजातून आत गेलात की गुहेत रत्नादेवीचं ठाणं आहे. तिथे माकडं हातातला डबा ओढून नेतात, तेव्हा पिशव्या बंद ठेवा. मग वर नेढ्याकडे. कातळाला वाऱ्यापावसाने पडलेलं हे आरपार भोक, आत दहा-पंधरा माणसं सहज बसतील एवढं मोठं. आत बसलं की वारा असा अंगावर येतो की बोलणं ऐकू येत नाही. तिथे किमान तासभर बसा. एका अंगाला जलाशय आणि त्याच्या काठची भातखाचरं, पलीकडे कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग, आणि दुसऱ्या अंगाला आजोबाचा डोंगर आणि थेट खाली कोकण. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. ती चढायची हौस राहिली तर पुढच्या खेपेला बारी गावातून चढू, पण नेढ्यातून ती बघणं मला शिखरावर उभं राहण्यापेक्षा जास्त आवडतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साम्रदला सांदण दरी. दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फूट उभे कातळ, मध्ये कुठे कुठे जेमतेम एखाद-दोन माणसं मावतील एवढी फट, आणि पायाखाली दगडांचा खच. ऊन तळापर्यंत क्वचितच पोहोचतं. पावसाळ्यात आत पाऊलही टाकायचं नाही, वर सर पडली की काही मिनिटांत लोंढा येतो. दिवाळीतही आत पाण्याचे डोह असतात, पहिला गुडघाभर, पुढचा कंबरेपर्यंत. मुलांना घेऊन पहिल्या डोहापर्यंत जा आणि परत या. पूर्ण दरी उतरून कोकणात जायचं असेल तर दोर लागतात, माहीतगार लागतात, ते काम वेगळं.

हरिश्चंद्रगड या खेपेला नाहीच. तिथला कोकणकडा, केदारेश्वराच्या गुहेतली पाण्यात उभी असलेली पिंड, तारामती, हे सगळं पाचनईकडून चढून एक मुक्काम करूनच बघायचं. अर्ध्या दिवसात उरकण्याची ती जागा नव्हे.

तू काजव्यांचंही विचारलंस. ते मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशा झाडांवर हजारोंनी बसतात आणि एकदम लुकलुकतात. ते बघायला तू जरूर ये, पण त्याबद्दल मनातलं बोलतो. नर लुकलुकतो तो मादीला खूण करायला. आयुष्यभराचं सगळं त्या थोड्या रात्रींत असतं. गेल्या हंगामात रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती, एकाने दिवे झाडावर रोखून धरले, कोणी मोबाईलची बॅटरी लावून फांद्या हलवल्या. झाड विझलं आणि बराच वेळ पुन्हा पेटलंच नाही. मादी अंडी घालते ती जमिनीत, पालापाचोळ्यात, आणि तिथेच माणसं झाडाखाली घोळक्याने फिरत असतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, 1986 पासून. वन विभाग वेळेचं बंधन घालतो, ते पाळणाऱ्यांनीच यावं असं मला वाटतं. तू आलास तर आठवड्याच्या मधल्या दिवशी ये. गाडी गावात ठेवायची, अंधारात चालत जायचं, रस्त्यावर उभं राहून बघायचं आणि बॅटरी खिशात.

राहायची सोय आमच्या शेजारच्या मामींच्या घरी करतो. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेल्या, पडवीत डांगी बैल. ही जात याच डांगाणातली, म्हणजे या डोंगराळ पट्ट्यातली. अंगाला तेलकटपणा असतो, म्हणून या पावसात टिकते. राजूरला डांगी जनावरांचं मोठं प्रदर्शन भरतं, ते बघायला लांबून शेतकरी येतात. मुलांना बैलांजवळ जाऊ दे, गरीब आहेत.

जेवायला नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी चालू असते. नशीब असलं तर नव्या काळभाताचा वास घरभर येईल. जूनमध्ये राब भाजून, म्हणजे पालापाचोळा जाळलेल्या जागेत, रोपं टाकायची, जुलैत चिखलात वाकून आवणी, म्हणजे लावणी करायची, आणि मग हा भात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असलीच गावठी वाणं जपली, त्यांना पद्मश्री मिळाली. मामींना हे मोठ्या अभिमानाने सांगता येतं, त्या सांगतील तेव्हा ऐका.

आणखी एक. येताना प्लास्टिकच्या बाटल्या आणू नका, आणल्यात तर परत घेऊन जा. गडावरून दर महिन्याला पोतंभर कचरा खाली आणतात, तो आमच्या शाळेतली पोरं आणतात. जाड चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. रात्री गारठा असतो, काकूंना शाल आण.

किती जण आणि कोणत्या तारखेला, हे दसऱ्याच्या आत कळव. कापणीच्या दिवसांत मामींकडे माणसं कामाला असतात, जागा आधी सांगून ठेवावी लागते. काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
सुधीर