वाळूच वाळू

पणजी,
११ ऑक्टोबर

ती. बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा सहज म्हणाले, की ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ चार रात्रींत पाहून संपवला, बरा आहे, पण फार संथ आहे आणि पाहावे तिथे वाळूच वाळू आहे. मी तेव्हा हसून विषय बदलला. पण ते वाक्य तीन दिवस माझ्या डोक्यातून जाईना. दोष माझाच आहे. चवथीला तो मोठा टीव्ही मीच आणून भिंतीवर लावला आणि ‘आता थिएटरात जायची दगदग नको, सगळे घरीच बघा’ हेही मीच म्हणाले. ते शब्द मागे घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोनवर सांगायला गेले, तर बाबा दोन वाक्यांनंतर ‘बरे, बरे’ म्हणून फोन आईकडे देतात.

बाबा, तुम्ही उभा जन्म मुलांना गणित शिकवलेत, म्हणून हिशेबानेच सांगते. आपला टीव्ही ५५ इंचांचा आहे, पण ते माप कर्णाचे. रुंदी भरते सुमारे ४ फूट. तुमची आरामखुर्ची भिंतीपासून १० फुटांवर आहे. म्हणजे हात लांब करून शाळेतली पाटी डोळ्यांसमोर धरली तर ती जेवढी दिसेल, जवळजवळ तेवढाच तो पडदा तुम्हाला दिसतो. आणि पाटीभोवती कालनिर्णय, देवघराचा लाल दिवा, उघडे दार आणि दारातून ‘मास्तर, आहात का?’ म्हणत डोकावणारे शेजारी हे सगळे दिसत राहते. उलट ४० फूट रुंदीच्या पडद्यासमोर ४० फुटांवर बसले, की एका नजरेत तो मावत नाही. डाव्या कोपऱ्यातला माणूस पाहावा, तर उजवीकडचा निसटतो. काही दिग्दर्शकांनी सिनेमा रचलाच मुळी या निसटण्याच्या हिशेबाने, आणि ‘लॉरेन्स’ त्यांतला अव्वल.

त्यातला विहिरीचा प्रसंग आठवा. लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटातल्या विहिरीपाशी थांबलेले आहेत आणि दूर क्षितिजावर, मृगजळाच्या थरथरत्या पट्ट्यात, एक काळा ठिपका उमटतो. तो ठिपका आहे, की डोळ्यांना भास होतो आहे, हेच आधी कळत नाही. मग तो लांबतो, दुभंगतो, पुन्हा एक होतो आणि कितीतरी वेळाने त्याचा उंटावरचा काळ्या वस्त्रांतला स्वार होतो: ओमर शरीफ. संगीत नाही, बोलणेही जवळजवळ नाही. छायाचित्रकार फ्रेडी यंग यांनी या एका प्रसंगासाठी ४८२ मिलिमीटरचे लांब पल्ल्याचे भिंग वापरले, आणि १९६२ साली हा सिनेमा नेहमीच्या ३५ मिलिमीटरऐवजी ६५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित करून ७० मिलिमीटरच्या प्रतींवर दाखवला गेला, तो असले ठिपके जिवंत राहावेत म्हणूनच. आपल्या टीव्हीवर तो ठिपका दिसेपर्यंत त्याचा उंट झालेला असतो. पाहणाऱ्याने शोधायचे, डोळे बारीक करायचे, शेजारच्याचा श्वास ऐकायचा, तो सगळा काळ घरी नुसता रिकामा जातो. आणि रिकाम्या काळालाच आपण संथ म्हणतो.

आई, तुला हे चटकन कळेल. तुझ्या माहेरी हरमलला होड्या परतायच्या वेळी आजी किनाऱ्यावर उभी राहून ‘आली गो’ म्हणायची, तेव्हा आम्हा मुलांना समुद्राखेरीज काहीच दिसत नसे. आजीच्या नजरेला सवय होती आणि तिला घाई नव्हती. तो प्रसंग तसाच पाहायचा आहे.

दुसरी गोष्ट रिमोटची. लॉरेन्स पेटलेली काडी फुंकतो आणि त्याच क्षणी पडद्यावर वाळवंटातला सूर्योदय येतो, ही चित्रपटाच्या इतिहासातली सर्वांत गाजलेल्या जोडण्यांपैकी एक. संकलक अॅन कोट्स यांना या सिनेमासाठी ऑस्कर मिळाले. आईने सांगितले, की बाबांनी नेमका तिथेच सिनेमा थांबवून विजेच्या बिलाचा फोन घेतला. काडी मंगळवारी विझली आणि सूर्य बुधवारी उगवला. बाबा, रागावू नका, पण त्यावर तुम्ही ‘संथ’ हा शेरा द्यावा, हे वर्गात झोपलेल्या मुलाने मास्तरांना नापास करण्यासारखे झाले.

मात्र जुने आणि गाजलेले ते सगळे मोठ्या पडद्यावरच पाहावे, असे मी म्हणत नाही. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ घरी पाहिले तरी फारसे काही बिघडत नाही. त्यांतली मजा शब्दांत आणि बोलणाऱ्यांच्या नजरेत आहे. बाबांचा आवडता ‘बेन-हर’ (१९५९) मला रथांची शर्यत सोडली तर जडच वाटतो, पण त्याची चौकट इतकी लांबट आहे, की टीव्हीवर वर-खाली काळे पट्टे येऊन एक तृतीयांशाहून अधिक पडदा वाया जातो, म्हणून त्या शर्यतीपुरते तरी थिएटरात जावे. जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘सेव्हन समुराय’ (१९५४) चौकटीने रुंद नाही, तरी शेवटच्या लढाईतला पाऊस आणि चिखल मोठ्या पडद्यावरच अंगावर येतात. आपल्या पेडण्याचा आषाढ पाहिलेल्यांना तो पाऊस नकली वाटणार नाही, एवढे खात्रीने सांगते.

‘मुघल-ए-आझम’विषयी मात्र सविस्तर लिहिते, कारण तिथे बाबांचे आणि माझे मतभेद आहेत. १९६०चा हा चित्रपट बराचसा कृष्णधवल होता, आणि शीशमहालातले गाणे सुरू झाले, की पडदा एकाएकी रंगीत होत असे. २००४ साली संपूर्ण चित्रपटाला रंग चढवला गेला आणि टीव्हीवर बहुतेक वेळा तोच दाखवतात. बाबांना तो आवडतो. मला वाटते, त्यात शीशमहालाचा घात झाला आहे: दोन तास राखाडी पाहिलेल्या डोळ्यांवर तो लाल-सोनेरी प्रकाश पडायचा होता, आणि आपण तर पहिल्या मिनिटापासून रंगाचे जेवण जेवून बसलेलो असतो. त्या गाण्यात छताच्या प्रत्येक आरशात एकेक मधुबाला गिरक्या घेते. दिव्यांची तिरीप आरशांवरून परतून कॅमेऱ्यात शिरू नये, म्हणून छायाचित्रकार आर. डी. माथुर यांना किती खटपट करावी लागली, त्याच्या कथा प्रसिद्धच आहेत. टीव्हीवर त्या आरशांत फक्त ठिपके लुकलुकतात. अकबराला सगळीकडे तीच का दिसते, हे त्यातून समजत नाही. आणि दुसऱ्या टोकाला ते पीस: मागे बडे गुलाम अली खाँसाहेबांचा आवाज, आणि समोर फक्त मधुबालाचा चेहरा व त्यावरून फिरणारे एक पांढरे पीस. एवढा मोठा चेहरा माणूस आयुष्यात इतक्या जवळून एकदाच पाहतो, तान्हेपणी आईच्या मांडीवर.

‘कागज के फूल’ची गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली होती. १९५९चा हा गुरुदत्तांचा चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप. यात चित्रीकरणाच्या वेळी खास भिंगाने दृश्य आडवे चेपून फिल्मवर बसवतात आणि दाखवताना तसेच दुसरे भिंग ते पुन्हा पसरवते. मी कॉलेजात असताना एका ठिकाणी तो लावला होता. त्यांच्याकडे पडदा अरुंद होता, म्हणून चालवणाऱ्याने दोन्ही बाजू कापून मधला भाग तेवढा दाखवला. गीता दत्तांच्या त्या गाण्यात वहीदा आणि गुरुदत्त रिकाम्या स्टुडिओत एकमेकांपासून दूर उभे आहेत, आणि त्यांच्या मधोमध छतावरून उन्हाचा झोत उतरतो. आम्हाला झोत दिसला. माणसे दोन्हीकडच्या भिंतींत गेली होती. मी उठून सांगायला गेले, तर ‘बाय, गाणे ऐकू येते ना?’ असे उत्तर मिळाले. पुढे तोच चित्रपट पूर्ण रुंदीत पाहिला, तेव्हा त्या दोघांमधले अंतर पाहून रडू आले. तो झोत दिव्याचा नव्हे, छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी मोठे आरसे लावून खरे ऊन स्टुडिओत वळवून घेतले होते, आणि त्यात तरंगणारी धूळसुद्धा पडद्यावर दिसते.

‘शोले’चे मी तुम्हाला काय सांगणार? बाबांनी गिरगावात काकांकडे राहत असताना तो ‘मिनर्व्हा’त पाहिला, आणि नाणे उडवल्यावर लोक खुर्चीखाली वाकून पाहू लागले, हे लहानपणी आम्ही शंभरदा ऐकले आहे. तेच आठवून पाहा. ‘शोले’ चित्रित झाला ३५ मिलिमीटरवर, पण ७० मिलिमीटरच्या प्रतीवर मोठा करून घेतला आणि त्याला वेगवेगळ्या दिशांनी येणारा ध्वनी जोडला. म्हणून तर नाणे खुर्चीखाली पडले. आपल्या टीव्हीचा कर्णा मागच्या बाजूला आहे, त्यातून ते नाणे भिंतीवरच पडते. २०२५ साली ‘शोले’ची नव्याने दुरुस्त केलेली प्रत मूळ शेवटासह दाखवली गेली, त्यात ठाकूर गब्बरला पोलिसांच्या हाती देत नाही. तुम्ही १९७५पासून दुसरा शेवट धरून बसला आहात, म्हणून हा एकदा थिएटरातच पाहावा.

आवाजाचा विषय निघाला आहे, तर ‘अलबेला’ही यादीत घाला. १९५१चा, आपल्या भगवानदादांचा. सी. रामचंद्रांच्या त्या गाण्यांत बार्देशातल्या हळदोण्याचा ‘चिक चॉकलेट’ नावाचा वादक ट्रम्पेट वाजवतो आणि वाद्यवृंद घेऊन पडद्यावरही दिसतो. त्या काळच्या हिंदी गाण्यांत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणारे कितीतरी हात गोव्याचे होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. मोबाइलमध्ये ही वाद्ये एकमेकांवर बसून त्यांचा लगदा होतो. मोठ्या थिएटरात ती सुटी होतात आणि आपल्या गावची माणसे एकेक करून ऐकू येतात.

आता आईची निवड. ‘संत तुकाराम’ (१९३६) चौकटीने जवळजवळ चौरस आहे आणि त्यात भव्य म्हणावे असे, शेवटचे विमान सोडले तर, फार नाही. तरी मी तो या यादीत वरच्या बाजूला ठेवते. दामले आणि फत्तेलाल यांनी तो माणसांच्या घोळक्यासाठी केला आहे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस डोळे मिटून गाऊ लागतात, तेव्हा शेजारी दोनशे माणसे गप्प बसलेली असावी लागतात. त्यातले ‘आधी बीज एकले’ तू देवळातल्या भजनात तुकोबांचा अभंग म्हणून गातेस, पण ते लिहिले शांताराम आठवले यांनी, या चित्रपटासाठी. भजनी मंडळात हे सांगायचे की नाही, ते तू ठरव.

‘पथेर पांचाली’ (१९५५) आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) यांविषयी लिहीत बसले तर पाकीट फुगेल. पहिल्याच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या आगीत भाजल्या होत्या. त्यांतून जे वाचले, त्यावर इटलीतल्या बोलोन्यात काम करून २०१५ साली नवी प्रत उभी राहिली. दुसऱ्यातला मधाच्या पोळ्यांचा तो कडा दूरदर्शनवर पाहिला, तेव्हा मला तो वारुळाएवढा वाटला होता.

खरे कारण आता लिहिते. २० नोव्हेंबरच्या सुमाराला इथे इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू होईल. तो २००४पासून गोव्यात होतो आणि त्याला वीस वर्षे उलटली, तरी पेडण्याहून तुम्ही एकदाही आला नाहीत. जुन्या, दुरुस्त केलेल्या चित्रपटांचे खेळ त्यात असतात. २०२३ साली ‘श्यामची आई’ होता. २०२४ साली दादासाहेब फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ वादकांना समोर बसवून दाखवला. फाळक्यांची लहानगी मंदाकिनी त्यात कृष्ण होऊन नागाशी झुंजते, आणि मूकपट असूनही त्या वेळी माझ्या मागची मुले मोठ्याने ‘मार, मार’ म्हणत होती. यंदाचे वेळापत्रक हाती आले, की मी फोन करते. तुमची नोंदणी मीच करून ठेवते. आधारकार्डांचे फोटो तेवढे पाठवा.

दुपारचे खेळ घेऊ, म्हणजे बाबांच्या डोळ्यांना रात्रीच्या गाड्यांच्या दिव्यांचा त्रास नको. म्हापशाला कदंब बस बदलावी लागेल, पण शुक्रवार टाळा. बाजाराच्या गर्दीत आईला बसायला जागा मिळणार नाही. खुर्च्या मधल्या रांगेतल्या, वाटेच्या कडेच्या घेईन, म्हणजे बाबांना गुडघा लांब करता येईल आणि उठावे लागले तर कोणाची अडचण होणार नाही. शेवटची रांग मात्र मागू नका; तिथून पडद्याची पुन्हा पाटीच होते. आत वातानुकूलन फार कडक असते, तेव्हा आईने शाल आणावी. ‘लॉरेन्स’ साडेतीन तासांहून मोठा आहे, पण त्याला स्वतःचे मध्यंतर आहे. इफ्फीत तो नसला, तर पुढेमागे जिथे लागेल तिथे, अगदी मुंबईलासुद्धा, मी तुम्हा दोघांना घेऊन जाईन, आणि बाबांचा मोबाइल खेळ संपेपर्यंत माझ्या पर्समध्ये राहील.

तुमची,
बाय