बाई, पोरगं वाचायला लागलंय

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय बाई,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही रिटायर झालेल्या शाळेतल्या बाई, आणि तुमचं घर आमच्या दारापासून वीस पावलांवर. हे सगळं समोर बसून सांगता आलं असतं. पण आभाराचा शब्द काढला की तुम्ही "थांब, चहा टाकते" म्हणून आत जाता, हे मला आता चांगलं ठाऊक झालंय. म्हणून लिहिते, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. आपल्याच गल्लीत अजून चार-पाच घरांत हेच दुखणं आहे, "पोरगं पुस्तकाला हातच लावत नाही." त्या आयांना मी दारात उभी राहून किती सांगणार?

आमच्या पोराचं दुसरीपर्यंत बरं चाललं होतं. महाद्वार रोडला गेलो की दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत चालायचा. तिसरीत धडे लांबले, जोडाक्षरं वाढली आणि त्याचं काहीतरी बिनसलं. पुस्तक उघडलं की जांभई. मग पाणी हवं, मग पेन्सिलीला टोक करायचं, मग पोटात दुखतंय. विचारलं की एकच उत्तर, "कंटाळा आलाय." शाळेत एकदा उभं करून धडा वाचायला लावला. तो अडखळला, वर्ग हसला. त्या दिवसापासून घरीही मोठ्यानं वाचणं बंद. वर निरोप आला की वाचनात मागे आहे, घरी सराव घ्या.

मी सराव घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता, मोबाईलवर वेळ लावून, एक पान. चुकलं की परत पहिल्या ओळीपासून. प्रदर्शनातून एक जाडजूड पुस्तक आणलं, त्याच्या वयाच्या पोरांनी हे वाचायलाच पाहिजे असं तिथं कुणीतरी सांगितलं म्हणून. ते बाराव्या पानावर अडलं ते अडलंच. ह्यांची शिरोलीला फौंड्रीत शिफ्ट ड्युटी, सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे बारा. शिलाई मशीन, स्वयंपाक आणि हा अभ्यास, सगळं एका वेळेला. त्या दिवसांत मी पोराला फार बोलले. सात वाजायला आले की तो घड्याळाकडं बघायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

दिवाळीच्या आधी तुमचे ब्लाऊज द्यायला आले तेव्हा तो बरोबर होता. मी सहज म्हणाले, "बाई, हा वाचनाचा फार कंटाळा करतो." तुम्ही त्याला काही विचारलं नाही. टीपॉयवरच्या पेपरचं खेळाचं पान काढून त्याच्यापुढं सरकवलंत आणि म्हणालात, "बघ, काय लिहिलंय." त्यानं तीन ओळी वाचल्या. मी त्याच्या चुका मोजत होते. तुम्ही त्याच्या कपाळाकडं बघत होता, त्याच्या बोटाकडं बघत होता. तिसऱ्या ओळीला त्याच्या नाकावर घाम आला होता. तुम्ही त्याला आत तुमच्या घरातल्या अण्णांकडं पाठवलंत आणि मला म्हणालात, "हा कंटाळा नव्हे गं. हा दमतोय."

ते वाक्य ऐकून मी घरी येऊन रडले, हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

तुम्ही मला समजावलंत ते असं. तो एकेक अक्षर उचलतो, काना-मात्रा लावतो, जोडतो. ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली असते. मग गोष्ट त्याच्या हाती लागणार कशी? डोंगर चढायचा आणि वर गेल्यावर काहीच दिसायचं नाही, असं रोज झालं तर कुणीही म्हणेल मला कंटाळा आलाय. आणि पोराला "दमलो" म्हणायला लाज वाटते. "कंटाळा आलाय" म्हणणं सोपं जातं.

मी म्हणाले, मग वाचेपर्यंत टीव्ही आणि खेळणं बंद करते. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी माझ्या मापांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर म्हणजे आपल्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत आलं नाही तर महिन्याला १ रुपया दंड ठेवला. "दंड कुणाला होता माहीत आहे का? आई-बापाला. पोराला नव्हता."

दुसऱ्या दिवसापासून सातचा सराव बंद झाला आणि साडेपाचला तुमच्याकडं जाणं सुरू झालं. पहिले पंधरा दिवस तर तुम्ही त्याला वाचायलाच लावलं नाहीत. तुम्ही वाचायचात, तो ऐकायचा. मला धाकधूक वाटत होती, अशानं कसं व्हायचं म्हणून. पण घरी येऊन तो गोष्ट सांगायला लागला. पुढं काय झालं असेल यावर ह्यांच्याशी वाद घालायला लागला. तेव्हा कुठं मला कळलं की गोष्टीची भूक मेलेली नव्हती, गोष्टीपर्यंत पोचायची वाटच बंद झाली होती.

मग अण्णांचं काम निघालं. साखरेमुळं त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांना पेपर दिसत नाही आणि शाहू स्टेडियमवर जाणंही सुटलं. पण कोल्हापूरच्या माणसाचं फुटबॉल असं सुटतं होय? तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने सुरू झाले की अण्णांचा जीव तिकडं. आणि संघ म्हणाल तर अण्णा प्रॅक्टिस क्लबचे, आमचं पोरगं पाटाकडील तालमीचं. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "अण्णांना कालच्या मॅचचं वाचून दाखव जरा, मला भाकरी टाकायच्यात."

त्या दिवशी मी हातशिलाई घेऊन तुमच्या पायरीवर बसले होते, म्हणून मला सगळं दिसलं. तो अडखळत वाचत होता. अण्णा मध्येच विचारायचे, "गोल कितव्या मिनिटाला?" तो मागं जाऊन शोधायचा. "पास कुणी दिला?" परत शोधायचा. एरवी "परत वाच" म्हटलं की रडणारं पोरगं एकच बातमी चार वेळा वाचून गेलं, कारण अण्णांना खरंच माहीत नव्हतं आणि खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी रोज त्याला वाचायला लावत होते ते मला आधीच माहीत असलेलं. त्याच्या वाचण्यावाचून माझं काही अडत नव्हतं आणि ते त्याला कळत होतं.

त्याच बातमीत तो "पूर्वार्धात" या शब्दावर थांबला. पूवा... पूवार... मी पायरीवरून ओरडणार होते. तुम्ही स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानंच आलात, त्याच्याजवळ बसलात आणि पाटीवर शब्द मोठा काढलात. रफार ही मोठी फसवी गोष्ट, तुम्ही म्हणालात. र म्हणायचा आधी आणि काढायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. डोळा पुढं गेलेला असतो, त्याला मागं यावं लागतं. आणि या एका शब्दात दोन रफार! तुम्ही दोन्ही रफार खडूनं लाल केलेत आणि म्हणालात, "लाल दिसला की आधी र म्हण, मग खालचं अक्षर." पूर्... वार्... धात. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा आपसूक आलं. मग "स्पर्धा", "सर्वाधिक", "उत्तरार्ध" त्यानंच शोधून काढले. एका पानावर अकरा रफार सापडले म्हणून घरी सांगत आला. गेलं वर्षभर मी त्याला "नीट बघ" एवढंच म्हणत होते. काय बघायचं हे त्याला पहिल्यांदा तुम्ही दाखवलंत.

आणि ते "दर्या" आणि "दऱ्या". दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे गगनबावड्याला जाताना बाजूला दिसतात त्या. एवढ्याशा खुणेनं समुद्राचा डोंगर होतो हे त्याला इतकं आवडलं, की येईल जाईल त्याला तो हे विचारत होता. ह्यांना चुकवलं, मामाला चुकवलं. चुकवण्यातला आनंद त्यालाही मिळाला पाहिजे होता, बाई. तोवर चुकायचा तो एकटाच.

पाच बोटांची युक्ती मात्र मी सगळ्या आयांना सांगते. पुस्तकातलं मधलंच एक पान उघडायचं. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ झाली तर ते पुस्तक आज नको, नंतर बघू. त्या जाड पुस्तकाची अर्ध्या पानातच मूठ झाली. मला वाईट वाटलं, पैसे गेले म्हणूनही वाटलं. तुम्ही त्याला म्हणालात, "ठेव फळीवर. पुस्तक रुसत नाही." पुस्तक अर्धवट सोडलं तरी चालतं हे आमच्या घरात कुणी कधी म्हटलंच नव्हतं. पानात वाढलेलं संपवायचं तसं हातातलं पुस्तकही संपवायचं, असंच मी समजत होते. तुम्ही त्याला सोडायची मुभा दिलीत, तेव्हा तो निवडायला लागला.

निवडलं काय, तर तुमच्या ट्रंकेतले "किशोर"चे जुने अंक. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय, तुम्ही वर्गात पोरांना वाचून दाखवायचात त्यातलेच काही. एक कविता, एक कोडं, दोन पानांची गोष्ट, मध्ये चित्र. संपतं. दमलेल्या पोराला संपणारं काहीतरी हवं असतं हे मला कुठं माहीत होतं? (ज्यांच्याकडं अशी ट्रंक नाही त्यांच्यासाठी सांगते, बालभारतीनं जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेत. पण आमच्या पोराला तो जुन्या कागदाचा वासच लागतो.)

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तुम्ही त्याला एसटी स्टँडवर घेऊन गेलात. मला वाटलं कुणाला सोडायला निघालात. तुम्ही दोघं बाकावर बसून गाड्यांच्या पाट्या वाचत होता! राधानगरी, आजरा, चंदगड, मलकापूर. गाडी फलाटाला लागून सुटायच्या आत वाचायचं. घरी आला तो उड्या मारतच. "गडहिंग्लज" त्यानं लांबूनच वाचलं होतं, न थांबता. दारातूनच ओरडला, "आई, गडहिंग्लज वाचलो की गं!" आपल्याकडं पोरं "वाचलो" म्हणतात, "वाचलं" म्हणत नाहीत. तुम्ही त्याला दुरुस्त केलं नाहीत. मी करायला गेले तर म्हणालात, "असू दे. बरोबर म्हणतोय तो. वाचलाच आहे."

बाई, ते मला खोल लागलं.

आता कुठवर आलाय तेही लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल जादू झाली. चौथीत आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहेच. नवा धडा पहिल्यांदा वाचताना अजून हळू चालतो, परिसर अभ्यासाचं पुस्तक त्याला अजून जड जातं, आणि काही दिवस काहीच वाचत नाही. पण "किशोर"ची चार पानं एका बैठकीत होतात. मी कापायला बसले की माझी वही घेऊन शेजारी बसतो आणि मापं वाचून दाखवतो, छाती चौतीस, कंबर तीस, बाही नऊ. माझं अक्षर वाचायचं म्हणजे छापील धड्यापेक्षा अवघड, तरी वाचतो. परवा लाईट बिल हातात घेऊन विचारत होता, थकबाकी म्हणजे काय. मला उत्तर देताना हसू पण आलं आणि डोळे पण भरून आले. आणि गेल्या महिन्यात शाळेत त्यानं स्वतः हात वर केला. कविता वाचली. घरी येऊन मोठं काही सांगितलं नाही, "आज मी वाचलो" एवढंच म्हणाला आणि खेळायला पळाला.

तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळांतून आयुष्यभर शिकवलंत. रिटायर झाल्यावर माणूस म्हणेल, आता पुरे. तुम्ही एका परक्याच्या पोरासाठी रोज संध्याकाळचा एक तास काढलात. फीचं नाव काढलं तर रागावलात, ब्लाऊजची शिलाईसुद्धा सोडू दिली नाहीत. दर वेळी पैसे मोजून माझ्या हातावर ठेवलेत. ह्याचं मी काय करू? हे ऋण आहे एवढं मला कळतं, आणि ते मी सगळ्यांसमोर मान्य करते.

अण्णांनाही माझा नमस्कार सांगा. त्यांच्याइतकं मन लावून आमच्या पोराचं वाचणं कुणी ऐकलं नसेल. मीही नाही. आता ऐकते. रात्री भांडी झाली की दिवा लहान करून बसतो आम्ही, एक पान तो, एक पान मी. मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो.

आज साडेपाचला येतोच आहे तो. सकाळी पेपर आल्या आल्या खेळाचं पान काढून घडी करून दप्तरात ठेवलंय. ह्यांनी विचारलं, "काय झालं रे फायनलला?" तर सांगायला तयार नाही. म्हणाला, आधी अण्णांना.

तुमच्या समोरच्या दारातली,
शिवणवाल्या वहिनी