वाटे घालणारीचा वाटा शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वसाहतींमधल्या सामायिक भाजीबागांवर आपल्या अंकात गेल्या आठवड्यात जो लेख आला तो मी दोनदा वाचला. माती, खत, पाणी, सगळे नीट सांगितले आहे. फक्त आलेली भाजी वाटायची कशी, हे एका वाक्यात उरकले आहे. सभासद ती समान वाटून घेतात म्हणे. मी ३१ वर्षे गोव्यात कदंबच्या सरकारी बसवर कंडक्टर होतो. सुट्ट्या पैशांपायी किती भांडणे होतात ते मी रोज पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

आमची वसाहत फोंड्याजवळ कुर्टीला. मध्ये मोकळी जागा आहे, कोपऱ्यात जुनी विहीर. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले, बेळगावची भाजी येईनाशी झाली आणि आठ-दहा दिवस आम्ही कांदे-बटाट्यांवर काढले. तेव्हा पहिल्यांदा त्या जागेकडे कुणाचे तरी लक्ष गेले. जमीन म्हणजे निव्वळ जांभा. कुदळ मारली की ठिणगी उडायची. दोन ट्रक माती आणली, शेण आणले, ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे केले. शेजारच्या किरिस्तांव मावशीने माडाला घालतात तशी तारली मासळी आणून वाफ्यात पुरली. रात्री वसाहतीतल्या सगळ्या कुत्र्यांनी ती उकरून काढली आणि सकाळी कुणाच्या पायपुसण्यावर काय सापडले ते मी इथे लिहीत नाही.

आम्ही १४ घरे. पहिल्या पावसाळ्यात सात शिरांची भेंडी लावली, तवशी (मोठ्या काकड्या), दोडकी, थोडा चिबूड. भेंडीची पहिली तोडणी ३ किलो २०० ग्रॅम भरली. मी घरून तागडी घेऊन गेलो होतो. भागाकार केला, प्रत्येकी २२८ ग्रॅम. ही भेंडी लांब असते, त्यामुळे २२८ ग्रॅम म्हणजे कुणाला नऊ, कुणाला दहा, आणि एका घराला साडेआठ. अर्धी भेंडी मी सुरीने कापून दिली. तिथे कुणी हसले नाही, पण संध्याकाळपर्यंत वसाहतीत माझे नाव ‘साडेआठ’ पडले होते.

मग कुणी म्हणाले, रोज पाणी घालणाऱ्याला आणि कधीच न येणाऱ्याला सारखेच कसे? रास्त प्रश्न. मी माझा जुना तिकिटाचा पंच शोधून काढला. प्रत्येक घराला एक कार्ड, तासभर काम केले की एक भोक, भोकांप्रमाणे भाजी. महिनाभर मी फार खूश होतो. पुढे लक्षात आले की जुलैत रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचायला कुणी येत नाही, कारण रात्री पंच मारायला मी नसतो. आणि तळमजल्यावरच्या आजी, ज्यांनी तांबड्या भाजीचे बी वर्षानुवर्षे राखेत घालून बाटलीत जपले होते आणि ज्यांच्याकडूनच आम्हाला ते मिळाले, त्यांच्या कार्डावर एकही भोक नव्हते. गुडघे वाकत नाहीत त्यांचे. हिशेबाने त्यांना काहीच येत नव्हते. मीच तो हिशेब केला होता.

त्यानंतर जे लागेल ते घ्या, असाही प्रयोग झाला. विहिरीच्या कठड्यावर भाजी ठेवायची, ज्याने त्याने न्यायची. तो दोन रविवार टिकला. तिसऱ्या रविवारी एका घरी पाहुणे आले होते.

शेवटी मावशी पुढे झाली. तिने उमेदीची वर्षे बाजारात मासळी विकण्यात घालवली आहेत. मला म्हणाली, “तागडी दवर थंय.” (ठेव तिथे.) आणि कठड्यावर वाटे घालायला बसली. बाजारात तारल्यांचे, सुंगटांचे (कोळंबीचे) घालतात तसे. बाहेरच्यांना हे कदाचित ठाऊक नसेल: गोव्याच्या बाजारात मासळी अजूनही बरीचशी वजनाने नाही, वाट्याने मिळते. एक मोठा, दोन मध्यम, वर लहानसा एक. मावशीचे हात बघण्यासारखे होते. भेंड्या आधी लांबीप्रमाणे पसरल्या, मग पत्ते पिसावेत तशा चौदा ठिकाणी गेल्या. किडलेली एक होती, ती मोठ्या वाट्यात. मोडलेल्या दोन होत्या, त्यांच्याबरोबर एक जास्तीची. शेवटी हातात चार उरल्या, त्या तिने क्षणभर सगळीकडे पाहून चार वाट्यांवर टाकल्या. सगळे गेल्यावर मी गुपचूप उरलेले दोन वाटे तागडीत घातले. ४० ग्रॅमचा फरक निघाला. एकाही घराने तक्रार केली नव्हती.

तिचा नियम एवढाच, की वाटे घालील त्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. आता दर रविवारी दुसरे कुणी तरी घालते. कॉलेजातली मुले सुद्धा. एकाने पहिल्याच दिवशी एक वाटा जरा भरगच्च केला आणि तो सगळ्यांत आधी उचलला गेला. पुढच्या रविवारी त्याचे वाटे मावशीपेक्षाही सारखे होते.

आता बियाण्याचे. माझे मूळ गाव तिसवाडीतले. आमच्या गावकारीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामायिक जमिनीची, जोण (उत्पन्नातला वाटा) वडिलांना वर्षाकाठी मिळायची, मोजके रुपये. यात सुके बांगडेही येत नाहीत, असे आई दरवर्षी म्हणायची. पण वडील सांगत, की कोमुनिदादीच्या (गावकारीचेच पोर्तुगीज नाव) उत्पन्नातून आधी बांध, मानस (बांधातली पाण्याची दारे), देवळे यांचा खर्च जातो आणि उरेल त्याची जोण. १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी गावकारीचे रिवाज लिहून काढले, रिवाज त्याहून कितीतरी जुने. जोण पुरुषांनाच, आणि तीही गावकारांच्याच घरात, हे त्यातले मला कधी पटले नाही. पण आधी बांध आणि मग वाटा, हे आम्ही उचलले. आमच्याकडे बांध नाही, बी आहे. प्रत्येक वाफ्यातल्या चांगल्या दोन झाडांची पहिली धरलेली भेंडी तोडायची नाही, तिला तांबडी चिंधी बांधायची.

दुसऱ्या वर्षी अशी एक चिंधीची भेंडी नाहीशी झाली. वसाहतीच्या ग्रुपवर मी कडक शब्दांत संदेश टाकला. दुपारी जेवताना आमटीत सुंगटांबरोबर तांबडा दोरा लागला. पहाटे अंधारात, चष्मा न लावता, मीच तोडली होती. दुसरा संदेश टाकायला मला संध्याकाळ झाली. मावशीने वाचून एवढेच विचारले, “आनी बीं खंय दवरलां?” (आणि बी कुठे ठेवलेस?)

बी का जपायचे, तर त्याच वर्षी कुणी हौसेने पाकिटातली संकरित भेंडी शेजारच्या वाफ्यात लावली. मधमाश्यांना आपले-परके नसते. पुढच्या पावसाळ्यात आमच्या भेंड्यांच्या शिरा मोजल्या, कुठे सहा, कुठे पाच. साधी बाजारची भेंडी पाच शिरांची असते. सात शिरांच्या भेंडीला भौगोलिक (जीआय) मानांकन मिळाले म्हणून आपण मिरवतो, ती आमच्या डोळ्यांदेखत दोन शिरा गमावून बसली. आजींच्या माहेरहून पुन्हा बी आणले. आता संकरित काही लावायचे तर गच्चीवर, कुंडीत.

चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगतात त्यासाठी, तवशी, दोडकी, चिबूड आधी बाजूला निघतात. ज्यांच्या घरी गणपती नाही ती घरेच ती काढून ठेवतात. कवंडळे, घागऱ्या, माट्टी मात्र अजून बाजारातूनच आणावी लागतात. ती रानातली.

आता पत्राचे खरे कारण. मागच्या सोमवारी काही माणसे आली, टेप लावली, चुन्याच्या रेघा मारून गेली. या मोकळ्या जागेवर पेव्हर बसणार, दोन बाक येणार, बाकांवर कुणाचे तरी नाव येणार. जागा आमची नाही, हे मान्य. पण मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा, असे कागदावर कुठे लिहिलेले असते का? जांभ्यावर पडणारा पाऊस आज आमच्या वाफ्यांत जिरतो आणि विहिरीला मिळतो. पेव्हर बसले की तो उतारावरून तळमजल्यात जाईल, आजींच्या दारातून. बाक हवेच असतील तर विहिरीच्या बाजूला दोन बाक बसतील एवढी जागा आम्ही आनंदाने सोडतो. मावशीला वाटे घालायला बसायला उपयोगच होईल.

चुन्याची एक रेघ चिंधी बांधलेल्या झाडावरून गेली आहे. ती भेंडी वाळून तडकायला अजून तीन आठवडे तरी लागतील. तोवर काम सुरू करू नये, आणि ज्यांनी आराखडा काढला त्यांनी एकदा येऊन बघावे. रविवारी सकाळी सातला आम्ही विहिरीपाशी असतो.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
कुर्टी, फोंडा