रेस अडकली तर गिअर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मोहोळहून सोलापूरकडे येताना कोंडीजवळ ट्रकला ओलांडायला मी रेस दिली. ट्रक मागे पडला, पाय उचलला, पण रेस उतरेना. ब्रेक दाबला, घाबरून सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा पेडल दगडासारखे घट्ट लागले. मागे दोन नातवंडे! तीस वर्षे गाडी चालवतो, पण त्या क्षणी काही सुचेना. पत्नी ओरडली, "अहो, गिअर काढा!" क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली, सगळा जोर ब्रेकवर दिला आणि कशीबशी कडेला घेतली. वाकून पाहिले, तर मॅट मळू नये म्हणून मीच अंथरलेली जुनी चादर गोळा होऊन एक्सलेटरवर चढलेली. अशा चादरी आपल्याकडे कितीतरी गाड्यांत असतात. कृपया आजच काढा.

पेडल घट्ट का झाले, ते नंतर मेकॅनिकने सांगितले. पेट्रोल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनातून मिळतो. पूर्ण रेसवर तो तयार होत नाही आणि साठलेला दोन-तीनदा ब्रेक मारला की संपतो. म्हणून ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबायचा आणि सोडायचा नाही. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, न्यायचा. इंजिन ओरडते, ओरडू द्यावे. गाडी थांबली की मगच बंद करावी. चालत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होते, हे तर फार भयंकर. बटणाच्या गाड्या पळत असताना एका टिचकीने बंद होत नाहीत, बहुतेकींत बटण काही सेकंद दाबून धरावे लागते.

ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ गाडीत टाकलेल्या दुसऱ्या मॉडेलच्या मॅटमध्ये एक्सलेटर अडकून एका कुटुंबातील चौघे गेले. गाडी चालवणारा स्वतः महामार्ग पोलीस अधिकारी होता. तिथे आमच्यासारख्यांचे काय?

शहरातील ड्रायव्हिंग स्कूलचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. चढावर हाफ क्लच शिकवता, तसे मोकळ्या मैदानात एकदा तरी चालती गाडी न्यूट्रल करून थांबवायला शिकवा. आणि वॉशिंग सेंटरवाल्यांनो, गाडी धुतल्यावर ड्रायव्हरकडचे मॅट नुसते टाकू नका, हुकात अडकवूनच गाडी द्या.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, विजापूर रोड, सोलापूर