बॅटरी बदलायच्या आधी

सातारा, ६ जानेवारी

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. तिकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठायला लागलं की डिझेल गाड्या रुसायचेच दिवस, पण दुकानदार म्हणतो म्हणून लगेच नवी बॅटरी घेऊन बसू नकोस. तू लिहितोस, सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, नेहमीसारखा जोरात फिरतो, तरी दहा-बारा सेकंद इंजिन पकडत नाही. पकडलं की सगळी गाडी थरथरते, मागून पांढरा धूर येतो, अर्ध्या मिनिटात सगळं शांत. दुपारी मात्र चावी फिरवताच चालू. माझा पहिला संशय हीटर प्लगवर आहे, म्हणजे थंडीत इंजिनात आतून गरमी देणाऱ्या छोट्या प्लगवर.

बॅटरी उतरलेली असती तर आवाजातच कळलं असतं. सेल्फ रखडत घर्र... घर्र... करतो, डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. नुसतं टिक-टिक होत असेल तर टर्मिनल सैल किंवा बॅटरी पारच झोपलेली. तरी खात्री करून घे, पाच मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मल्टीमीटर लाव. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. मग घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि मीटरवर नजर ठेव. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर शंका घे. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक.

सेल्फ मंद फिरतो आणि बॅटरी चांगली, असं निघालं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीची इंजिनच्या धातूशी असलेली जोडणी, बघ. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धर. सेल्फ फिरताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर करंट वाटेतच अडतोय. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोड, मग पॉझिटिव्ह. पांढरा-हिरवा फुलोरा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धू, पॉलिश पेपरने घास, बसवताना पॉझिटिव्ह आधी. हे करताना बिडी-सिगारेट लांब, बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

आता मुख्य दुखणं. डिझेलला ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते, त्या उष्णतेने डिझेल पेटतं. पहाटे हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, धातू गारठलेला असतो, तो ही उष्णता ओढून घेतो. ती तूट हीटर प्लग भरून काढतो. न पेटलेल्या डिझेलची वाफ म्हणजे तुझा पांढरा धूर. त्याचा वास गोडसर असेल आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल तर कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, आत जातंय, ते प्रकरण निराळं.

घरबसल्या एक चाचणी: चावी ऑन कर, स्प्रिंगच्या खुणेचा पिवळा दिवा विझू दे, चावी ऑफ कर. असं दोनदा करून तिसऱ्यांदा सेल्फ मार. गाडी लवकर पकडली तर प्लग अर्धवट काम करताहेत. मग मीटर २०० ओहमवर ठेव. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून किती येतं ते टिपून ठेव, तेवढं प्रत्येक मापातून वजा करायचं. प्लगवरची वायर किंवा पट्टी काढ. एक पिन प्लगच्या टोकाला, दुसरी इंजिनला. २ ओहमच्या आत म्हणजे साधारणपणे प्लग जिवंत. आकडाच येत नसेल तर मेलेला. चारांतला एक गेला तर गाडी थरथरत का होईना उठते, दोन गेले की तुझ्यासारखी गत. चारही चांगले निघाले तर हीटरचा फ्यूज आणि रिले, म्हणजे प्लगला करंट सोडणारा स्विच, बघ. तपासायला म्हणून बॅटरीची वायर थेट प्लगला लावू नकोस. नव्या गाड्यांतले काही प्लग ५-७ व्होल्टचे असतात, १२ व्होल्टला क्षणात जळतात.

प्लग थंड इंजिनातून काढू नकोस. वाईहून पसरणी घाट चढून आलास की इंजिन चांगलं तापलेलं असतं, ती वेळ साध. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून ठेव. प्लग अडला तर थोडा सोड, थोडा आवळ, पुन्हा सोड. जोर लावलास आणि तो आत तुटला तर कधी कधी हेडच उतरवावं लागतं, आणि चार प्लगच्या कामाचा खर्च कुठल्या कुठे जातो. नवा प्लग आधी हाताने फिरवून आटे बसव, शेवटची आवळ ठरावीक जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल तर चारही बदल. एकेक बदलत बसणं म्हणजे दर हिवाळ्याला तेच काम.

प्लगमध्ये दोष नसेल तर रात्रीत डिझेल टाकीकडे परत जाऊन लाईन एअर घेत असेल, म्हणजे पाइपात हवा शिरत असेल. फिल्टरवर हातपंप असेल तर सकाळी सेल्फच्या आधी तो घट्ट होईपर्यंत दाब. गाडी लगेच उठली तर पाइपचे जोड आणि फिल्टरचं रबर तपास. फिल्टर उघडतोच आहेस तर तळाचं पाणीही सोड.

तोवर सेल्फ एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांब. कुणी रॉकेल मिसळायला सांगेल, ऐकू नकोस. आजच्या पंपांना वंगण डिझेलचंच. स्टार्टिंग स्प्रे तर अजिबात नको. तापलेल्या हीटर प्लगवर तो भडकला तर इंजिन फुटेल. आणि उतारावर गाडी सोडून दुसऱ्या गिअरात उठवतोस, तेही बंद कर. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा दाब दोन-तीनदाच पुरतो, आणि तुमच्या रस्त्यांना कठडा असेलच असं नाही.

चार प्लगचे चार आकडे आणि सेल्फ फिरतानाचा व्होल्टेज तेवढा कळव. प्लग घेताना इंजिन नंबर सोबत ने, आटे आणि लांबी वेगवेगळी येते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच