दाराबाहेरच्या काऊस

प्रिय शालू,

किती महिने पत्र नाही ते मोजू नकोस. मी मोजलेत, नऊ. गुडघे आहेत तसेच, साखर ताब्यात, यांचा खोकला चालू. झालं.

आमच्या कॉलनीच्या गणपतीत मुलांचं दहा मिनिटांचं नाटुकलं बसवायचं माझ्या गळ्यात पडलंय. म्हटलं, चिऊ-काऊच करू, पण काऊच्या तोंडून. हसू नकोस. म्हणजे हस, पण पुढे वाच.

लिहायला बसले आणि गोष्टीची शिवणच उसवली. घर मेणाचं आणि आत चूल! वैशाखात काय करत असेल गं ही बाई? आणि शेणाला नाक कोणी मुरडायचं? तुझ्या आजीकडे आपण जेवायला बसायचो ती जमीन कशानं सारवलेली होती? खऱ्या कावळ्याचं घरटं तर काटक्यांचं, मध्ये तारांचे तुकडे. आमच्या गच्चीवरच्यानं माझा हँगर पळवलाय. त्यात कोकिळा गुपचूप अंडी घालून जाते आणि हा बापडा तिची पोरं भरवत बसतो. दहाव्याला सगळे हात जोडून त्याचीच वाट बघणार. पण पावसात त्यानं दार वाजवलं की, 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते!'

इथवर भराभर लिहिलं. मग काऊ दाराशी आला आणि पेन अडलं.

चौथीचं स्नेहसंमेलन. तू काळी म्हणून काऊ, मी गोरी म्हणून चिऊ. बाईंनी नुसतं बोट दाखवलं. तुझ्यावर झारीनं पाणी. न्हाऊ घालणं, तीट लावणं, झोपवणं, एवढंच बसवलं होतं. पण लोक हसले, मग मी पावडर लावली. काजळ घातलं. टोपडं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. 'मुद्दाम वाढवलंस,' तू म्हणालीस. मी आईची शपथ घेऊन नाही म्हटलं. तुझ्या लग्नात पुन्हा तो विषय निघाला, तेव्हाही नाहीच. (जिलबी मात्र कच्ची होती. ते मी मागे घेणार नाही.)

वाढवलं होतं, शालू. टाळ्या पडत होत्या.

तुझं मोतीबिंदूचं उरकलं का? धाकटी नव्या घरी रुळली? नातवाला पापा.

आणि एक सांग, मला नाटकासाठी हवंय. दोन हाकांच्या मध्ये, झारीखाली, तुझे ओठ हलत होते. पुठ्ठ्याच्या खिडकीतून मला दिसत होते. तिथे तर तुला वाक्यच नव्हतं. काय म्हणत होतीस?

तुझी,
नली